वामकुक्षी

रविवारी संध्याकाळी, शेवटचा पेशंट गेल्यावर,
त्यांनी तिला मागच्या दाराने आणलं.
बोल्टनमधला बारीक पाऊस तिच्या प्लास्टिकवर बसलेला.
ऑल्विनने स्ट्रेचर इतकं जपून वळवलं
की मी बघतच राहिले;
जिवंत माणसांना तो उंबऱ्यावर हमखास दणका देतो.

फॉर्म भरल्याशिवाय मशीन चालत नाही.
नाव: माहीत नाही.
जन्मतारीख: शून्यं टाकली, घेईना.
एक जानेवारी एकोणीसशे चालली.
त्यामागे कोणी जन्मलं असेल, हे कॉम्प्युटरला ठाऊक नाही.
गरोदर असण्याची शक्यता?
ऑल्विन हसला.
म्युझियमच्या हेस्केथबाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तेच तर बघायचंय.

मग ती चकती चकतीने उजळत गेली.
कवटी पोकळ. नाकातून आकडा घालून
मेंदू काढला आणि टाकून दिला,
त्यांच्या लेखी ते नुसतं भरताड.
काळीज मात्र जागच्या जागी, सुकून खारकेएवढं,
पुढे तराजूत तेच ठेवायचं होतं.
ओटीपोटात चिंध्यांचे बोळे, लाकडाचा भुसा.
दुसरं कोणी नाही.
आणि डाव्या कुशीत
हाताचा पंजा जाईल एवढी फट.

ज्याने हा छेद दिला ना, बाई सांगत होत्या,
त्याला काम झाल्याझाल्या बाकीचे दगड मारत हाकलायचे.
एका ग्रीकाने तसं लिहून ठेवलंय.
मी विचारलं, मग पुढच्या मढ्याला?
त्यालाच बोलवायचे. दुसरा कुठून आणणार?

डावी कुशी.
आमच्या भाषेत तिच्यावरून दुपारच्या झोपेचं नाव पडलंय.
इचलकरंजीत दादा चार मागांच्या खडखडाटात
डाव्या कुशीवर लवंडायचे, तोंडावर पंचा टाकून,
आणि वीज गेली की
शांततेने दचकून उठायचे.

चाळीस दिवस मिठात, बाई म्हणाल्या,
साधं मीठ नव्हे, तळ्याकाठचा खार.
म्हणजे आपला पापडखारच की जवळजवळ,
आई डब्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवायची तो.
मग राळ, तेल, पट्ट्या. एकूण सत्तर दिवस.
दादांना आम्ही सत्तर मिनिटंही ठेवलं नसेल.
मी पोचले त्या दिवशी पंचगंगेच्या काठी
सावडूनसुद्धा झालं होतं.

मध्येच मशीन बोललं.
रेकॉर्ड केलेला आवाज बंद करायला मीच विसरले होते:
खोल श्वास घ्या. रोखून धरा.
आम्ही तिघं काचेमागे
उगाचच रोखून उभे.
आता सोडा, असं ते म्हणालं
आणि ऑल्विनने खरोखर सोडला.

निघताना बाईंनी पाकिटातून
सुटून पडलेला पट्टीचा तुकडा काढला.
मुद्दाम विणलेलं नाही हे, घरातली जुनी चादर फाडलेली.
कोपऱ्यात शाईची खूण,
परटाकडून परत ओळखू यावी म्हणून.
एका जागी रफू.

मी भिंग मागून घेतलं.
बोटांना सवय असते. इंचात उभे किती, आडवे किती,
मोजत गेले लहानपणी मोजायचे तशी,
आणि मध्येच एक आडवा धागा
नव्हताच.
कांडी संपली असेल. किंवा पोर रडलं असेल,
किंवा विणणारीला डुलकी लागली असेल, दुपारची.

असा एक धागा चुकला
की तागा उलगडून व्यापारी दादांचे पैसे कापायचा.
दादा काही बोलायचे नाहीत.
घरी येऊन ती जागा अंगठ्याने
पुन्हा पुन्हा चाचपायचे.

हिचे कोणी कापले असतील?
बाई म्हणाल्या, काय?
मी म्हटलं, काही नाही,
आणि फॉर्मवरच्या शेवटच्या चौकोनात,
जिथे पेशंटच्या तक्रारी लिहायच्या असतात,
रेघ मारली.